भावाची मान आणि बोधिसत्त्वाची मुक्ती

वाचकाचं पत्र

नमस्कार बाई,

मी कसबा बावड्यात राहते. वय ४६, प्राथमिक शाळेत शिक्षिका. लग्न राहून गेलं. आईला अर्धांगवायू होऊन ६ वर्षं झाली, तेव्हापासून ती अंथरुणावर आहे. मोठा भाऊ पुण्यात, धाकटा इथंच पाचगावला. दोघंही पैसे देतात, जमेल तसे. बाकी सगळं माझ्याकडं. सकाळी तिचं आवरून शाळेत, दुपारी शेजारच्या काकू बघतात, चारला मी परत.

आमचं घर बौद्ध. ३ वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आळत्याच्या धम्मालय या विपश्यना केंद्रात दहा दिवसांचं शिबिर केलं. तेवढे दिवस मावशी येऊन राहिली होती. आठव्या दिवशी पहाटे बसले असताना एकदम जाणवलं, की आत्ता आपल्याला कुणीही हाक मारणार नाही. इतकं हलकं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. तेव्हापासून सुटावंसं वाटतं. कशातून, ते सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात विहारातल्या अभ्यासवर्गात मी हे बोलले. वर्ग घेणारे दादा म्हणाले, "ताई, बोधिसत्त्व स्वतःचं निर्वाण नाकारतो. शेवटचा माणूस पार होईपर्यंत मागं थांबतो. तुम्ही घरात तेच करताय. तुम्ही तर साक्षात बोधिसत्त्व." सगळ्यांनी माना हलवल्या. धाकटा भाऊ शेजारीच बसला होता, त्यानं जरा जास्तच हलवली. मी घरी येऊन रडले.

बोधिसत्त्वाची मुक्ती म्हणजे मुक्तीवर पाणी सोडणं असेल, तर ती मुक्ती कसली? आणि मला सुटावंसं वाटतं ही माझी खोट आहे का?

ता. क. आईची वाचा जवळजवळ गेली आहे. पण परवा तिचे केस विंचरताना मी एक भीमगीत गुणगुणत होते, तर पुढची ओळ तिनं म्हटली. तोंड वाकडंच, पण सूर पक्का. आम्ही दोघी हसत सुटलो. हे का लिहिलं, माहीत नाही.

बाईंचं उत्तर

ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या मानेपाशी अडखळले. दादांचा हेतू वाईट नसणार. पण माणूस कौतुक करायला जातो आणि दुसऱ्याच्या पायात बेडी घालून येतो, हे आपल्याकडं फार होतं. घरातल्या बाईला देवी म्हणणारे मी पुष्कळ पाहिले. देवी सुट्टी मागत नाही, ही त्यातली सोय. तेव्हा आधी दादांचं वाक्य तपासू. भावाकडं नंतर येते, त्याला सोडणार नाही.

मी काही धम्मातली अधिकारी नव्हे. शाळेत संस्कृत शिकवलं, निवृत्तीनंतर हौसेनं पाली शिकले, एवढंच भांडवल.

दादा म्हणतात, बोधिसत्त्व निर्वाण नाकारतो. बोधिसत्त्व म्हणजे बुद्ध होण्याच्या वाटेवरचा. पाली ग्रंथांत बोधिसत्त हा शब्द मुख्यतः गौतमाला लावलेला आहे, बोधी मिळण्याआधीच्या गौतमाला. जातककथांमधला, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींमधला, तो हाच. त्यानं काय केलं? वयाच्या ३५व्या वर्षी तो बुद्ध झाला, आणि त्यानंतर ८०व्या वर्षापर्यंत, म्हणजे ४५ वर्षं, गावोगाव चालत राहिला. आधी सुटला, मग राबला. दादांनी हा क्रम उलटा केला आहे.

पुढं महायानात, म्हणजे नंतरच्या एका मोठ्या बौद्ध परंपरेत, बोधिसत्त्व हा सगळ्यांसाठीचा आदर्श झाला. 'सगळ्यांना पार करीन' हे व्रत तिथलं. तिबेटी परंपरेत या व्रताचे तीन प्रकार सांगतात. एक राजासारखा: आधी स्वतः गादीवर बसतो, मग प्रजेचं बघतो. दुसरा नावाड्यासारखा: सगळ्यांबरोबर एकाच वेळी काठाला लागतो. तिसरा मेंढपाळासारखा: कळप पुढं, आपण मागं. या तिसऱ्याचं धैर्य सगळ्यात मोठं मानतात. दादांनी तो ऐकला आणि तिथंच वही मिटली. पण रस्त्यानं मेंढरं घेऊन जाणारा धनगर आठवा. तो मागं चालतो, कारण मागून सगळा कळप नजरेत राहतो. त्याला कुणी मेंढरांच्या दाव्यानं बांधलेलं नसतं. शिवाय हे तीन प्रकार मनातल्या धैर्याचे आहेत, गाडीत कोण आधी चढला याचे नव्हेत. व्रत घेतलेल्यानं बुद्धत्व गाठायचंच असतं, आणि तेही लवकर, कारण दुसऱ्याच्या सगळ्यात जास्त उपयोगी बुद्धच पडतो.

ज्या मुक्तीबद्दल तुम्ही विचारताय, तिला महायानात एक नेमकं नाव आहे: अप्रतिष्ठित निर्वाण. रोजच्या मराठीत अप्रतिष्ठित म्हणजे ज्याला समाजात मान नाही तो. इथं तो अर्थ सोडा आणि मूर्तीची प्रतिष्ठापना आठवा. एकदा बसवली की मूर्ती तिथून हलत नाही. बोधिसत्त्व असा कुठंच बसवलेला नसतो. प्रज्ञा आहे म्हणून तो संसारात रुतत नाही आणि करुणा आहे म्हणून निर्वाणात जाऊन बसत नाही. दोन्ही दारं उघडी. लोभ, भीती, भिडेची ओढ, यांतलं काहीच त्याला धरून ठेवत नाही, आणि 'मला शांत राहू द्या' ही ओढसुद्धा धरून ठेवत नाही.

दादांनी यातला दुसरा अर्धा भाग तुम्हाला दिला आणि पहिला खिशात ठेवला. पहिला गाळला की बोधिसत्त्व उरत नाही, बिनपगारी गडी उरतो.

तुम्ही बावड्याच्या, म्हणून एक विचारते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये चिखलीतनं, आंबेवाडीतनं माणसं काढणाऱ्या बोटी आठवतात? छपरावर बसलेला माणूसही पाण्यात होता आणि बोटवालाही पाण्यातच होता. चारी बाजूंनी तेच गढूळ पाणी. पण एक अडकला होता आणि दुसरा आला होता. बोटवाला प्रत्येक खेपेला कोरड्या जमिनीला पाय लावायचा, चहा घ्यायचा, टाकीत इंधन भरायचा आणि पुन्हा निघायचा. काठावरच बसून राहायची मुभा त्याला दर खेपेला होती. ती असताना तो निघायचा, आणि मला अप्रतिष्ठित हा शब्द असाच समजला आहे. आता छपरावरच्या माणसाला कुणी म्हणालं, 'वा, तुम्ही शेवटपर्यंत पाणी सोडलं नाहीत, साक्षात बोधिसत्त्व', तर त्याला कसं वाटेल? तुम्हाला तसं वाटलं. म्हणून रडू आलं. त्यात खोट कुठं आहे?

हा धोका जुन्या लोकांना चांगला माहीत होता. महायानातलं एक गाजलेलं सूत्र वैशालीच्या विमलकीर्तीचं आहे. तो भिक्खू नव्हता. बायकामुलांचा गृहस्थ. तो आजारी पडतो आणि मंजुश्री, प्रज्ञेचा बोधिसत्त्व, समाचाराला येतो. त्या बोलण्यात विमलकीर्ती सांगतो, की आसक्ती मिसळलेली करुणा बोधिसत्त्वानं टाकून द्यावी, कारण तिनं माणूस थकतो, त्याला या सगळ्याचा वीट येतो. तिथंच असंही येतं, की जो स्वतः बांधलेला आहे त्यानं दुसऱ्याची गाठ सोडवणं शक्य नाही. पाली सुत्तातही बुद्ध हेच चिखलाच्या भाषेत सांगतात: स्वतः चिखलात रुतलेला माणूस दुसऱ्या रुतलेल्याला बाहेर काढेल, हे घडणारं नाही.

पाचव्या शतकातल्या बुद्धघोषांनी तर प्रत्येक सद्भावनेचे दोन शत्रू सांगून ठेवले, एक लांबचा, एक जवळचा. करुणेचा लांबचा शत्रू क्रूरता, तो लगेच ओळखू येतो. जवळचा शत्रू करुणेसारखाच दिसतो, म्हणून घरात शिरतो. त्याला त्यांनी गेहसित दोमनस्स म्हटलं आहे, घराला चिकटलेलं दुःख. पाली शिकताना हा शब्द पहिल्यांदा समोर आला तेव्हा मी पुस्तक मिटून उठले होते.

कारण सांगते. सासूबाईंचं मी ११ वर्षं केलं. गल्लीतल्या बायका 'सोन्यासारखी सून' म्हणायच्या आणि मला ते गोड लागायचं. एका दुपारी त्या कूस बदलायला तयार होईनात. मी हात धरून इतक्या जोरात ओढलं, की दंडावर माझी चार बोटं उमटली. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी पोळी मऊ करून भरवताना माझंच लक्ष त्या वळांकडं जात होतं. जवळचा शत्रू आत बसला, की लांबच्याला बोलवावं लागत नाही, तो आपण होऊन येतो. त्या रात्री मी नणंदेला फोन केला. वाटलं होतं भांडण होईल. ती म्हणाली, "वहिनी, तू कधी म्हणालीच नाहीस." याचाही मला रागच आला, ते सोडा. ती दर महिन्याला आठ दिवस यायला लागली.

आता तुमचा दुसरा प्रश्न, सुटावंसं वाटणं ही खोट आहे का. तुमच्या घरात बाबासाहेबांनी धर्मांतराच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा म्हटल्या जात असतील. त्यातली बारावी दहा पारमितांची आहे. बोधिसत्त्व ज्या गुणांनी घडतो, त्या ह्याच पारमिता. पहिली दान, सगळ्यांना पाठ. तिसरी कोणती? नेक्खम्म. म्हणजे बाहेर पडणं, मोकळं होणं. चौथी पञ्ञा, म्हणजे प्रज्ञा, शेवटची उपेक्खा, म्हणजे मनाचा समतोल. तुम्हाला ज्या यादीच्या नावानं घरात बसवताहेत, त्याच यादीत बाहेर पडणंही आहे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये सिद्धार्थाचं घर सोडणं कसं मांडलंय, तेही एकदा काढून वाचा. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांचं भांडण, युद्धाला सिद्धार्थाचा विरोध, आणि मग परिव्रज्या. रात्री सगळे झोपलेले असताना हळूच निघून जाणं नाही. तो आईवडिलांशी बोलतो, यशोधरेशी बोलतो, आणि यशोधरा राहुलची जबाबदारी उचलून त्याला निरोप देते. बोलून, काम कुणीतरी उचललं आहे हे बघून मग निघणं. याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेब भिक्खूबद्दल विचारतात, की तो परिपूर्ण माणूस व्हावा म्हणून आहे की समाजाचा सेवक म्हणून. नुसताच परिपूर्ण असेल तर तो स्वार्थी, असं ते स्पष्ट म्हणतात. म्हणजे काठावर बसून राहणाऱ्याला त्यांनी सोडलेलं नाही. पण छपरावर अडकलेल्याला तिथंच थांब, असंही सांगितलेलं नाही.

आणि दानाचंच म्हणाल तर वेस्संतराची जातककथा मला आजतागायत पचलेली नाही. तो स्वतःची मुलं दान करतो. जालीला आणि कण्हाजिनेला कुणी विचारलं होतं? 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथातल्या मिलिंद राजालाही हा प्रश्न पडला होता, त्यानं भिक्खू नागसेनाला विचारला. नागसेनाच्या उत्तरानं माझं समाधान झालं नाही. दुसऱ्याचं आयुष्य परस्पर दान करून पुण्यवान होणारे आजही आहेत, ते अभ्यासवर्गात माना हलवतात.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती डोंबाऱ्याची गोष्ट, संयुत्त निकाय या पाली सुत्तांच्या संग्रहातली. सेदक गावात बुद्ध ती सांगतात. एक डोंबारी बांबू उभा करतो आणि मेदकथालिका नावाच्या आपल्या शिष्याला वर चढून खांद्यावर उभं राहायला सांगतो. म्हणतो, "तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. खेळ होईल, बिदागी मिळेल, सुखरूप खाली उतरू." आपल्या कानाला किती बरं वाटतं हे! शिष्य म्हणतो, "असं नाही व्हायचं, गुरुजी. तुम्ही तुमचा तोल सांभाळा, मी माझा सांभाळतो. तरच दोघं नीट उतरू."

लहानपणी गल्लीत डोंबारी यायचे, ढोलकं वाजलं की आम्ही ताट सोडून धावायचो. दोरीवर चालणारी पोर खाली बघायची नाही. बाप ढोलकं वाजवायचा, त्याचं लक्ष तालावर. बाप घाबरून तिच्याकडं धावला असता तर ताल चुकला असता आणि पोरही चुकली असती. सुत्तात बुद्ध म्हणतात, शिष्याचं बरोबर आहे. पण पुढं तेच वाक्य ते दोन्हीकडून फिरवतात: स्वतःला राखणारा दुसऱ्याला राखतो, आणि दुसऱ्याला राखणारा स्वतःला राखतो. पहिलं कसं? साधनेनं. दुसरं कसं? सोसण्यानं, न दुखवण्यानं, मैत्रीनं, कळवळ्यानं. आईच्या अंथरुणाशी बसून तुम्ही दुसरं ६ वर्षं केलंत. पहिल्याला मिळाले १० दिवस.

त्या दहा दिवसांबद्दलही थोडं. आठव्या दिवशीचं ते हलकेपण म्हणजे निर्वाण नव्हे, हे तुम्हालाही माहीत आहे. पण ते खोटंही नव्हतं. समुद्र केवढाही असला तरी त्याला एकच चव, खारटपणाची. तशी या धम्माला एकच चव, विमुक्तीची, असं बुद्ध उदान या पाली ग्रंथात म्हणतात. तुम्ही बोटाच्या टोकावर चव घेऊन आलात. आणि शिबिर आठव्या दिवशी संपलं नव्हतं, बरं का. दहाव्या दिवशी मौन सुटतं आणि मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, शिकवतात. हलकं झालेलं मन मग दुसऱ्यांकडं वळवायचं, असा तो क्रम आहे. तुम्ही पत्रात दहाव्या दिवसाबद्दल काहीच लिहिलं नाहीत. एवढं दमलेल्या माणसाला दहावा दिवस लक्षात राहत नाही, यात नवल नाही.

अजिंठ्याला मुलांची सहल नेली असेल तर पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहिला असेल. तो अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व. त्याची तिबेटात एक कथा सांगतात. त्यानं शपथ घेतली होती, की सगळ्यांना सोडवण्याआधी आपल्या सुखाचा विचार मनात आला तर डोक्याची शकलं होवोत. युगानुयुगं राबला. एकदा वळून पाहतो तर दुःखी जीव तेवढेच. तो खचला आणि शकलं झाली. तेव्हा अमिताभ बुद्ध आले. 'शपथ मोडलीस' म्हणाले नाहीत, 'अजून नेट लाव' म्हणाले नाहीत. त्याला पुन्हा जोडलं, अकरा मुखं दिली आणि हजार हात दिले.

हात दिले, ताई. आता तुमच्या भावाकडं येते.

पैसे मागू नका, दिवस मागा. पाचगावहून बावडा म्हणजे शहराच्या या टोकाहून त्या टोकाला, पण गावातल्या गावातच. शनिवारी दुपारपासून रविवार रात्रीपर्यंत आई त्याची. तांबडा-पांढरा रस्सा त्या दिवशी तुमच्याच घरी होऊ दे, बायकापोरं घेऊन येऊ दे. पण कूस बदलणं, भरवणं, डायपर हे त्याच्या हातानं, त्याच्या बायकोच्या नव्हे. नाहीतर एका बाईचं ओझं दुसरीवर गेलं, एवढंच होईल. पहिल्या दोन रविवारी तुम्ही घरात थांबू नका. थांबलात तर तो पाच मिनिटांनी "ताई, हे कसं गं?" म्हणेल आणि तुम्ही उठाल. राजाराम बंधाऱ्यावर जाऊन बसा. त्याचं काहीतरी चुकेल. चुकू दे, तुम्हीही पहिल्या महिन्यात चुकला होतात. पुण्याच्या भावाला दिवस जमत नसतील तर दिवसपाळीच्या बाईचा पगार दरमहा, ठरलेल्या तारखेला, त्याच्याकडं. 'जमेल तसे' हा शब्द घरातनं काढून टाका. शेजारच्या काकूंनाही ६ वर्षं झाली असतील, त्यांचाही विचार करा.

दोघं भाऊ नाही म्हणाले तर? तर निदान तुम्हाला कळेल की मुद्दा बोधिसत्त्वाचा नव्हताच.

स्वतःशी एक पडताळा घेत जा. आठवड्यातून एकदा, आईपाशी जायच्या आधी, क्षणभर दारात थांबा आणि विचारा: आत्ता मी गेले नाही तर चालेल का? दुसरं कुणी आहे का? उत्तर 'आहे' असेल आणि तरीही पाय आत वळला, तर ते पाऊल मोकळं. उत्तर महिनोन्महिने 'कुणीच नाही' असेल, तर तो साधनेचा प्रश्न नाही, माणसं कमी असल्याचा प्रश्न आहे, आणि तो ध्यानाला बसून सुटत नाही. तुमच्या बंधाऱ्यावर पंचगंगेला ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका. तुमचं पत्र ३९ च्या वरचं आहे. झोप उडाली असेल, आईवर हात उचलावासा वाटत असेल, तर डॉक्टरांशी बोला, लाजू नका. माझ्या चार बोटांची गोष्ट त्यासाठीच सांगितली.

ता. क. मधल्या केस विंचरण्याबद्दल. 'हे का लिहिलं, माहीत नाही' म्हणालात. आठव्या शतकात नालंदेत शांतिदेव नावाचे आचार्य होते. बोधिचर्यावतारात ते म्हणतात, की जीव मोकळे होत असताना जे आनंदाचे समुद्र उसळतात तेच पुरेसे आहेत, 'मोक्षेणारसिकेन किम्', बेचव मोक्ष घेऊन करायचंय काय? ध्यानात घ्या, हा माणूस त्यागाचं बोलत नाही, चवीचं बोलतोय. तुमच्या आख्ख्या पत्रात अशी चव दोनच ठिकाणी आहे. एक आळत्याला, जिथं हाक मारणारं कुणी नव्हतं. दुसरी त्या ओळीपाशी, जिथं जिची वाचा गेली तिनं हाकेला सुरात उत्तर दिलं. तुम्हाला या दोन जागा एकमेकींच्या विरुद्ध वाटत होत्या, म्हणून तुम्ही एक पत्रात लिहिलीत आणि एक खाली.

दिवाळीच्या शिबिराचा अर्ज आत्ताच भरा, जागा लवकर भरतात. जुन्या साधकांसाठी छोटी शिबिरंही असतात, तीही बघून ठेवा. तारीख नक्की झाली की धाकट्याला अभ्यासवर्गातच सांगा, सगळ्यांसमोर. तो मान हलवेल. हलवली, की औषधांच्या वेळांचा कागद तिथंच त्याच्या हातात द्या.

तुमची,
बाई